गोदाक्काचा उजवा डोळा

श्रावणातल्या एका मंगळवारी सकाळी गोदाक्का खिडकीतून खाली पडली. धाडकन नव्हे. खिडकीच्या कट्ट्यावरून स्टुलावर आणि स्टुलावरून जमिनीवर, हा तिचा चौदा वर्षांचा रस्ता. त्या दिवशी तिने पुढचे पाय टाकले ते स्टुलाच्या चार बोटं अलीकडे, हवेत. पडल्या पडल्या ती बसली आणि पंजा चाटायला लागली. आपल्याला पडायचंच होतं, तुमचं काय जातं, असा चेहरा.

नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "म्हातारी झाली."

मी तिला उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. उजवा डोळा लाल होता. तो लाल आहे हे मला त्या क्षणी कळलं असं मात्र नाही. शुक्रवारीच दिसलं होतं. शुक्रवार ते मंगळवार मी काय केलं, तेच इथे लिहायचं आहे.

शुक्रवारी मी ठरवलं की धूळ गेली असेल. शनिवारी शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "उष्णता झाली असेल, धण्या-जिऱ्याचं पाणी पाजा." आपल्याकडे तोंड आलं तरी उष्णता, डोळे आले तरी उष्णता, मग मांजराने काय घोडं मारलंय? रविवारी उकळून गार केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून डोळा पुसला. तिने पुसू दिला. गोदाक्का डोळ्याला हात लावू देते याचाच अर्थ काहीतरी बिनसलंय, हे तेव्हा सुचायला हवं होतं. सोमवारी मी फ्रिजच्या दारातून नवऱ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली ड्रॉप्सची बाटली काढली. टोपण उघडलं, गोदाक्काला टॉवेलात गुंडाळलं, आणि नेमका लेकीचा व्हिडिओ कॉल आला. "आई, ते काय आहे हातात? थांब. ठेव ते खाली. डॉक्टरकडे ने ना तिला."

"नेते, नेते," मी म्हटलं. आणि नेलं नाही.

याला कारण आहे. कारण म्हणजे सात वर्षांपूर्वीची एक दुपार. गोदाक्का २०१० च्या पावसाळ्यात आमच्या जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत सापडली, मुठीएवढी. सुरुवातीची इंजेक्शनं, ऑपरेशन, सगळं लहानपणीच झालं. मग मधली काही वर्षं डॉक्टरची गरजच पडली नाही. सात वर्षांपूर्वी तिचा एक दात हलायला लागला, म्हणून तिला भाजीच्या प्लास्टिकच्या जाळीदार टोपलीत घातलं, वर दुसरी टोपली उपडी ठेवली, ओढणीने करकचून बांधलं आणि नौपाड्यातून रिक्षाने निघालो. गोखले रोडच्या गर्दीत तिने माझ्या मांडीवर सगळं केलं. दवाखान्यात बाकावर उजवीकडे लॅब्रॅडॉर, डावीकडे पामेरियन, समोर पट्टा ताणून उभा असलेला एक देशी. तिची बाहुली इतकी मोठी झालेली की डोळ्यात हिरवं काही उरलंच नव्हतं. टेबलावर तिला मानेच्या कातड्याला धरून दाबलं. ती ओरडली ते मांजरासारखं नव्हतं. मग ती मदतनिसाच्या अंगठ्याला चावली, तो तिच्यावर ओरडला, मी त्याच्यावर ओरडले. घरी आल्यावर ती दोन दिवस कपाटामागे होती. तिसऱ्या दिवशी बाहेर आली आणि माझ्याकडे पाठ करून जेवली.

तेव्हा मी शपथ घेतली होती, पुन्हा नाही. तिला त्रास होतो. हे वाक्य मी सात वर्षं इतक्या वेळा बोलले की त्याची मला जपमाळच झाली. चार किलोच्या जिवाचा तो त्रास मी डोळ्यांनी बघितला होता, तेव्हा वाक्य खोटं नव्हतंच. पण मंगळवारी ती पडल्यावर पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की दवाखान्याचं नाव काढलं की पोटात गोळा माझ्या येतो. तिला तर दवाखान्याचं नावही माहीत नाही.

लेकीने एका डॉक्टरांचा नंबर पाठवून ठेवला होता. तरुण मुलगी, आवाजावरून. तिने पहिल्यांदा विचारलं, "काकू, डोळ्यात काही घातलंत का?" नाही म्हटल्यावर तिने सोडलेला सुस्कारा मला फोनवर ऐकू आला. मग म्हणाली, "खोलीत जरा अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने डोळ्यांवर आणा. बाहुली लहान होते का बघा. आणि लाल नेमकं कुठे आहे, पापणीच्या आत, पांढऱ्या भागात की बुबुळाच्या आत, तेही बघा."

लाल नेमकं कुठे, हा प्रश्न मला चार दिवसांत पडला नव्हता. लाल म्हणजे लाल. आता गुडघे टेकून, चष्मा कपाळावर चढवून बघितलं. पापणीची आतली कड थोडी लाल होती, ते डोळे आल्यासारखंच. पण आत, त्या पिकल्या आवळ्याच्या रंगाच्या बुबुळासमोर, अगदी तळाशी एक आडवी लाल रेघ होती. ग्लासात कोकमाचं आगळ घालून न ढवळता ठेवलं की तळाशी बसतं, तशी. तिने मान कलती केली तर तीही सावकाश कलली. टॉर्च आणला तेव्हा डाव्या डोळ्याची बाहुली चिरेसारखी झाली. उजवी बटणासारखी गोल होती, ती गोलच राहिली.

"आजच आणा," डॉक्टर म्हणाल्या. "दुपारी चारला. त्या वेळात मी कुत्र्यांना बोलावत नाही."

मी विचारलं, घरी नाही का येता येणार? तर म्हणाल्या, येईन, पण हा डोळा बघायला पूर्ण अंधार लागतो आणि यंत्रं लागतात, ती पिशवीत घालून आणता येत नाहीत. मग त्यांनी एका कॅप्सूलचं नाव सांगितलं आणि चिठ्ठी मोबाइलवर पाठवली. निघायच्या दोन-तीन तास आधी द्यायची. गॅबापेन्टिन. नाव वाचून मी उडालेच. सासूबाईंना नागीण झाली होती, तेव्हा नंतरच्या त्या जळजळीवर हेच औषध होतं! मांजरांमध्ये प्रवासाची आणि दवाखान्याची भीती बोथट करायला ते वापरतात. मात्रा त्यांनी मुद्दाम कमी ठेवली, कारण हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं आणि या वयात मूत्रपिंडाचा भरवसा नाही. हे ऐकून कुणी सासूबाईंचा डबा उघडू नये. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

आता श्रावण. आमच्याकडे एरवी बुधवार, शुक्रवार, रविवार मासे असतात, पण श्रावणात महिनाभर ओट्यावर मासा येत नाही. गोदाक्काला मात्र श्रावण माफ आहे. तिचं वेगळं पातेलं, वेगळा चमचा, गॅलरीतली वेगळी शेगडी. त्या दिवशी नेमकं पातेलं रिकामं. खालच्या मजल्यावर श्रावण न पाळणारं एक घर आहे, त्यांच्याकडून मी दोन मांदेल्या मागून आणल्या, पदराखाली झाकून, जशा काही चोरून. कॅप्सूलमधली पूड कडू असते. पहिल्या मांदेलीचा तिने एक घास घेतला, फेस काढला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला कैकेयी झाल्यासारखं वाटलं. दुसरीत पूड अगदी थोडी थोडी करून डोक्याकडच्या भागात भरली. ती गेली.

तीनच्या सुमाराला गोदाक्का पाय जरा फाकवून चालायला लागली. डोळे अर्धे मिटलेले. कोपऱ्यातल्या कॅरिअरचं वरचं झाकण मी क्लिपा काढून वेगळं केलं होतं, खाली माझा जुना सुती गाऊन अंथरला होता. ती आपण होऊन आत गेली नाही, अशी चमत्काराची गोष्ट नाही ही. पण उचलून ठेवल्यावर बाहेरही आली नाही. वरून टॉवेल टाकला. रिक्षावाल्याला सांगितलं, बाबा, हळू ने, आजारी माणूस आहे. तो आरशात बघत होता, माणूस कुठे आहे म्हणून.

दवाखाना दोन खोल्यांचा. बाकावर कोणी नाही. डॉक्टरांनी कॅरिअर जमिनीवर ठेवायला लावलं, झाकण काढलं, आणि स्वतःही जमिनीवर बसल्या. मग दहा मिनिटं त्यांनी काहीही केलं नाही. माझ्याशीच बोलत बसल्या. पाणी जास्त पिते का? हो. किती दिवस? मला वाटलं उन्हाळ्यापासून. वजन? उतरलंय, हो, पण म्हातारपण म्हटलं. प्रत्येक उत्तराला मी 'पण' जोडत होते आणि त्या लिहून घेत होत्या.

मग त्यांनी एक छोटा पट्टा काढला, बाहुलीच्या मनगटाला बसेल एवढा. मी विचारलं, हे काय? "बीपी बघायचंय." मांजराचं बीपी! मला हसू आलं, आणि पुढच्याच क्षणी काय ते कळायला लागलं, कारण बीपी हा माझा जुना विषय आहे.

मी बँकेत होते. दरवर्षी तपासणी व्हायची आणि दरवर्षी माझं वरचं बीपी १७० च्या पुढे. घरी यंत्रावर १३५. डॉक्टर बघितले की वाढतं, असं मी सांगायचे आणि ते खरंही होतं. पांढरा कोट दिसला की बीपी वाढतं, ही माणसांमधली माहीत असलेली गोष्ट आहे. इटलीत मिलान शहरात १९८३ साली रुग्णांच्या धमनीत नळी घालून सलग दाब मोजला होता. डॉक्टर खोलीत येऊन मोजायला लागला की पहिल्या चार मिनिटांतच वरचा दाब सरासरी २७ ने चढायचा. हे मी कुठेतरी वाचलं आणि माझ्या हातात कोलीतच मिळालं. आठ वर्षं मी गोळी टाळली. प्रत्येक आकड्यातून मनातल्या मनात २७ वजा करायचे. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी दंडाला चोवीस तासांचं यंत्र बांधून घरी पाठवलं. रात्री दोन वाजता, गाढ झोपेत, आसपास कोणीही पांढरा कोटवाला नसताना, माझं बीपी १५४ होतं. तेव्हापासून ५ मिलिग्रॅमची ॲम्लोडिपिन, रोज सकाळी चहाआधी.

गोदाक्काच्या पुढच्या पायाला पट्टा बांधला. पंजाखाली जेल लावून पेन्सिलएवढी एक कांडी टेकवली. रक्त वाहण्याचा आवाज त्या कांडीतून येतो, पण त्याने मांजर दचकतं, म्हणून डॉक्टरांनी कानाला हेडफोन लावले होते. मलाही क्षणभर ऐकू दिलं. शूं, शूं, शूं, लांबून लोकल येत असल्यासारखं. पहिला आकडा २३०. "हा सोडून द्यायचा," त्या म्हणाल्या, "पहिला नेहमी सोडायचा." मग २१४, २०६, २०८, २०४, २०६.

मी लगेच तोंड उघडलं. "पण ती घाबरलीय. घरी एवढं नसणार."

"असेलही," त्या म्हणाल्या. मांजरांमध्येही हा पांढऱ्या कोटाचा प्रकार मोजलेला आहे. अमेरिकेत १९९९ साली मांजरांच्या शरीरात दाब मोजणारी यंत्रं बसवून त्यांचा आरामातला दाब आणि तपासणीच्या खोलीतला दाब ताडून बघितला, तर सरासरी १७-१८ ने वाढ. पण सरासरीला काही अर्थ नव्हता. एखाद्या मांजराचा दाब ७५ ने चढला, तर एखाद्याचा चक्क उतरला. "त्यामुळे घाबरलीय म्हणून किती वजा करायचे, हे कुणालाच सांगता येत नाही. १६०च्या वर आम्ही लक्ष ठेवतो, १८०च्या वर काळजी करतो. आणि आकड्यावर भरवसा नसला की डोळा बघायचा. भीतीने आकडा वाढतो काकू, भीतीने डोळ्यात रक्त उतरत नाही."

हे मी इतकं मनात धरून ठेवलंय की शब्द तेच होते याची खात्री आहे.

मग दिवे घालवले. आधी एक नारिंगी टोकाची कागदी पट्टी सलाइनमध्ये भिजवून डोळ्याला टेकवली. डोळाभर पोपटी रंग पसरला. निळ्या दिव्याखाली बघितलं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम असेल तर तिथे हा रंग चिकटून राहतो. नव्हता. पाचेक मिनिटांनी गोदाक्काच्या नाकातून एक हिरवा थेंब आला आणि तिने तो चाटला. डोळ्यातलं पाणी नाकात उतरतं, म्हणजे ती वाटही मोकळी. त्या काळोखातच मी माझ्या सोमवारच्या बाटलीचा पराक्रम सांगितला. त्यात स्टेरॉइड होतं. डॉक्टर म्हणाल्या, जखम असती आणि तुम्ही ते घातलं असतं, तर पडदा विरघळत गेला असता. गंमत अशी की नंतर त्यांनी त्याच जातीचे थेंब लिहून दिले. तेच औषध. आधी तो पोपटी रंग टाकून बघितल्यावर.

शेवटी भिंग धरून त्यांनी डोळ्याच्या आत बघितलं. बराच वेळ. मलाही बोलावलं, त्यांच्या खांद्यावरून. लाल रेघेच्या वर, बाहुलीच्या आत खोलवर, एक राखाडी पापुद्रा सैलसर हलत होता. "पावसाळ्यात भिंतीला ओल येते, रंग फुगतो आणि पोपडा सुटतो ना? तसंच. दाबाने बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपलं, आणि मागचा पडदा भिंतीपासून सुटला." आमच्या न्हाणीघराची भिंत डोळ्यासमोर आली. दर जूनमध्ये मी म्हणते, पावसाळा संपला की बघू.

डाव्या डोळ्यात पडदा जागेवर होता, पण त्यावर दोन ठिपके होते. रक्ताचे. म्हणजे तोही रांगेत होता.

बाकीचं भरभर सांगते. रक्त काढलं, मूत्रपिंडाचा हिशेब सांगणारं क्रिएटिनीन २.४ आलं, म्हणजे जास्तच. थायरॉइड नीट होतं. म्हाताऱ्या मांजरांत बीपी चढण्याची ही दोन मोठी कारणं, मूत्रपिंड आणि थायरॉइड. आमच्या वाट्याला पहिलं आलं. आणि गोळी कोणती? ॲम्लोडिपिन. माझीच. मी ५ मिलिग्रॅमची घेते, तिला ०.६२५. म्हणजे अडीचची गोळी आणून तिचे चार तुकडे करायचे.

मेडिकलवाल्याने सवयीने विचारलं, "पेशंटचं नाव?"

"गोदाक्का."

"वय?"

"चौदा."

त्याने मान वर केली. चौदा वर्षांच्या मुलीला बीपीची गोळी, आणि नाव गोदाक्का. त्याच्या चेहऱ्यावर आधी कणव आली, मग चिठ्ठीवरचं मांजराचं चित्र त्याला दिसलं.

अडीच मिलिग्रॅमची गोळी चण्याच्या डाळीएवढीसुद्धा नसते. तिचे चार तुकडे करणं म्हणजे साठीनंतर सुईत दोरा ओवण्यासारखंच. पहिल्या दिवशी ब्लेड टेकवलं आणि अर्धी गोळी फ्रिजखाली गेली. दुसऱ्या दिवशी तीन तुकडे आणि एक चिमूट भुकटी. आता नवरा करतो, घड्याळजी वापरतात तसलं भिंग डोळ्याला लावून, डोसे घालायच्या उलथन्यावर ठेवून. पेपरातून डोकं काढायचं त्याला हे एक निमित्त झालंय. तुकडा लोण्याच्या कणात बसवायचा आणि तिच्या वरच्या ओठाआड सरकवायचा. औषधांच्या डबीत सोमवार ते रविवार खण आहेत, प्रत्येकात माझी एक अख्खी आणि तिची एक पाव. एकदा सकाळी घाईत मी तिची पाव घेतली. तिला माझी अख्खी द्यायला गेले, तेव्हा लक्षात आलं.

आठ दिवसांनी दाब बघायचा होता. या वेळी डॉक्टर घरी आल्या, माझ्याच आग्रहावरून. मला वाटलं, घर ते घर. गोदाक्काने बेल ऐकली, अनोळखी चपला हुंगल्या आणि पलंगाखाली जी गेली ती गेलीच. पाऊण तास दोघी जमिनीवर पालथ्या पडून आर्जवं करत होतो. कसाबसा एक आकडा मिळाला, त्याला डॉक्टर म्हणाल्या, मी हा लिहिणारसुद्धा नाही. दोन दिवसांनी कॅरिअरमध्ये गाऊन घालून, टॉवेल टाकून, चारच्या वेळेला दवाखान्यात नेलं, आधी मांदेली खिलवून. १५८. पुढच्या महिन्यात १४६.

डाव्या डोळ्यातले ठिपके पुसले गेले. उजव्या डोळ्यातली लाल रेघ दोन आठवड्यांत फिकी होत गेली, आधी विटकरी, मग नाहीच. पडदासुद्धा बऱ्यापैकी मागे जाऊन बसला. दृष्टी मात्र परत आली नाही. शुक्रवारी नेलं असतं तर, हे मी डॉक्टरांना विचारलं. पडदा सुटून किती दिवस झाले यावर बरंच असतं, म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तेव्हा काय स्थिती होती ते मी पाहिलेलं नाही ना काकू." सांभाळून बोलल्या. मी आणखी विचारलं नाही.

आता अंधारात दिवा लावला की डावा डोळा हिरवा चमकतो आणि उजवा जरा तांबूस, वेगळाच. स्टूल आम्ही खिडकीला चिकटवून ठेवलंय आणि त्यावर काथ्याचं पायपुसणं बांधलंय. कॅरिअर माळ्यावर टाकलेलं नाही. हॉलच्या कोपऱ्यात झाकण काढून पडलेलं असतं, त्यात माझा गाऊन, केसांनी भरलेला. पाऊस असला की ती त्यात निजते. आधी आत एक गिरकी घेते, कशी बसू कशी बसू करत, आणि मग दर वेळी उजवी बाजू भिंतीला लावून बसते, डावी आमच्याकडे.